दोन घासांनंतर एक गोळी

आमच्या गावाचं नाव कंसासकट लिहावं लागतं: तळेगाव (श्यामजी पंत), तालुका आष्टी, जिल्हा वर्धा. कंस राहिला की पार्सल थेट पुण्याकडच्या तळेगावात जाऊन बसतं. बाकी गाव ओळखायला सोपं. नागपूरहून अमरावतीकडे निघाल्यावर कारंजा मागे पडलं, सत्याग्रही घाट उतरला आणि पोटात काहीतरी टाकावंसं वाटायला लागलं, की समजावं तळेगाव आलं.

भुकेचा उल्लेख मुद्दाम केला. आमच्याकडे घड्याळात वेळ पाहायची सवय फक्त एसटीवाल्यांना. बाकीचं गाव जेवणावरून वेळ सांगतं. ‘जेवणं झाली की बसू’, ‘चहाच्या आधी येऊन जा’, ‘तो तर केव्हाच जेवून वावरात गेला.’ डॉक्टरमंडळींनी हे हेरून औषधालाही तेच घड्याळ लावलं. चिठ्ठीवर १-०-१ लिहिलेलं असतं. मेडिकलवाला कात्रीनं पट्टी अशी कापतो की गोळीचं नाव एका गिऱ्हाइकाकडे जातं आणि मुदतीची तारीख दुसऱ्याकडे. मग मागच्या बाजूला बॉलपेननं दोन रेघोट्या ओढून म्हणतो, “ही जेवल्यावर.” जेवण म्हणजे किती, हे त्याला आजवर कोणी विचारलेलं नाही. कारण जेवणाचं माप इथे ठरलेलं आहे. पोळ्या, वरण-भात, वांग्याची भाजी, कडेला ठेचा, आणि ‘बस झालं’ म्हटल्यानंतरची एक पोळी.

ही व्यवस्था आमच्या मामांनी मोडीत काढली.

मामा तळेगाव आगारात कंडक्टर होते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत गर्दीच्या गाडीत मामा मागून पुढे निघाले की उभे प्रवासी आपोआप बसलेल्यांच्या मांडीवर सरकायचे. निवृत्तीनंतर संत्र्याची बाग आणि खुर्ची एवढाच प्रवास उरला, आणि वजन काट्यावरून उतरायचं नाव घेईना. साखर आली, बीपी आलं, थायरॉईड आधीपासून होतं, गुडघे बोलायला लागले. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी वजन उतरवायची शस्त्रक्रिया सुचवली. पोटाचा बायपास.

घरात गदारोळ झाला. आजी म्हणाली, “देवानं देल्लं पोट कायले कापतं बाप्पा? दोन पोया कमी खाय ना.” मामांनी एकच नाव घेतलं आणि विरोध मोडून काढला. नितीन गडकरींनी २०११ साली, पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, मुंबईत वजन कमी करायची शस्त्रक्रिया करून घेतली होती. खाण्याचा शौक, नागपूरचा माणूस, आणि घरासमोरचा महामार्ग त्यांच्याच खात्याचा. एवढ्या दाखल्यावर आमच्याकडे ग्रामपंचायतीचा ठरावही पास होतो. याच गडकरींनी २०२२ मध्ये उज्जैनचे खासदार अनिल फिरोजिया यांना सांगितलं होतं, वजन उतरवा, एका किलोमागे मतदारसंघाला हजार कोटी देतो. फिरोजियांनी मनावर घेतलं, बिनाऑपरेशनचे किलो उतरवले आणि हिशोब मागायला गेले. मामांचे ऑपरेशननंतर जे काही उतरले त्या हिशोबानं तळेगावपासून आर्वीपर्यंत सोन्याचा रस्ता झाला असता. पण मामा खासदार नाहीत, आणि बिल त्यांनाच भरावं लागलं.

या बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची पिशवी राखतात आणि लहान आतडं खालून उचलून तिला जोडतात. बाकीचं जठर जागेवरच राहतं, फक्त अन्न तिकडे फिरकत नाही. ३० मिली म्हणजे दोन मोठे चमचे. अमेरिकेत आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात या शस्त्रक्रियेचा पाया घातला, तेव्हा विदर्भातली पंगत त्यांनी पाहिलेली नसावी. पाहिली असती तर एखादा चमचा वाढवून दिला असता.

ऑपरेशन झालं, मामा घरी आले, आणि त्यांच्यासोबत एक फाइल आली. फाइल उघडली आणि आमच्या लक्षात आलं, पोट लहान केलंय पण औषधांची यादी मोठी झाली आहे. आता खाल्लेलं सगळं आतड्यात शोषलं जात नाही म्हणून जीवनसत्त्वं आयुष्यभर. बी-१२ ला जठरातून मिळणारा जोडीदार लागतो, तो आता वाटेतच भेटत नाही, म्हणून त्याची वेगळी सोय. वजन झपाट्यानं उतरताना पित्ताशयात खडे होतात म्हणून पहिले सहा महिने त्याची गोळी. शिवाय लोह, कॅल्शियम, आम्लाची गोळी, थायरॉईडची गोळी. साखरेची तेवढी कमी झाली, तीही अर्ध्यावर. मामांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो खात्याचाच: “हाफ तिकीट.”

खरी गंमत पाण्यापासून सुरू झाली. फाइलच्या एका पानावर लिहिलेलं: जेवताना पाणी पिऊ नये, जेवणानंतर अर्धा तास पिऊ नये. पिशवी लहान, पाण्यानं भरली तर अन्नाला जागा नाही, आणि अन्न लवकर पुढे ढकललं जातं ते वेगळंच. पुढच्या पानावर: ही गोळी जेवणासोबत. मामांनी दोन्ही पानं शेजारी ठेवून मामीला विचारलं, “मग गिळू कायनं?” मामीनं भाच्याकडे पाहिलं, भाच्यानं, म्हणजे मी, छताकडे. शेवटी नागपूरला फोन. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, गोळी गिळण्यापुरता घोट चालतो हो, तांब्याभर नको. मामांना घोट म्हणजे तांब्यातला घोट माहीत. चमच्यातला घोट त्यांना मामीनं शिकवला. सुरुवातीला तर गोळ्या कुटूनच द्यायच्या होत्या. खलबत्ता निघाला. त्याला लागलेला लसणाचा वास आधीच्या पिढीपासूनचा, त्यामुळे आमच्या घरातलं मल्टिव्हिटॅमिन काही दिवस ठेच्याच्या चवीचं लागत होतं.

कुटायचा उत्साह मामीला एवढा चढला की तिनं साखरेची जुनी, उरलेली पट्टीही खलात घातली. त्या पट्टीवर नावापुढे एसआर लिहिलेलं. मेडिकलवाल्यानं हे ऐकून काउंटरवरूनच हात जोडले. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगावर येतो. आणि न कुटता दिली तरी बायपासनंतर ती पुरती विरघळायच्या आत पुढे निघून जाऊ शकते, म्हणून तर डॉक्टरांनी साधी गोळी लिहून दिली होती. मामांनी हे गावाला ज्या शब्दांत समजावलं त्याला तोड नाही. “थे एसआर म्हंजे सगळे थांबे घेनारी गाडी. प्रत्येक स्टॉपवर दोन-दोन मानसं उतरवते. आता माह्या पोटात बायपास झाला. मधले स्टॉपच गेले. मंग थे गाडी कायले सोडता?” महामार्गाचा बायपास झाला की गावातल्या हॉटेलचं काय होतं हे प्रत्येकाला माहीत असल्यामुळे कोणालाही दुसऱ्यांदा समजावावं लागलं नाही.

तिथून मामांनी सूत्रं हातात घेतली. एका पुठ्ठ्यावर वेळापत्रक लिहून ते स्वयंपाकघरात टांगलं. पहाटेची पहिली गाडी थायरॉईड, रिकाम्या पोटी, साध्या पाण्यावर. त्यानंतर तासभर चहाला सिग्नल नाही. आम्लाची गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. मग नाश्ता, म्हणजे मुगाच्या धिरड्याचा एक कोपरा किंवा थोडं दही, त्यासोबत साखरेची गोळी, पित्ताची गोळी. लोह आणि कॅल्शियम एका गाडीत बसत नाहीत, एकमेकांना जागा देत नाहीत, म्हणून मध्ये दोन तासांचं अंतर. थायरॉईडपासून दोघांनीही चार तास लांब राहायचं. कॅल्शियम एकदम सगळं घेतलं तर अंगी लागत नाही, म्हणून त्याच्या दिवसात दोन-तीन फेऱ्या. आणि लोहाच्या आसपास चहा नाही. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं.

हा शेवटचा नियम ऐकून घरातली चहाची परंपरा कोसळली. आमच्याकडे माणूस येतो तो चहाला, थांबतो तो चहाला, आणि निघतानाही ‘अर्धा कप तरी’ म्हणून बसतो. मामांना दिवसात चहा प्यायला वेळ उरला तो असा: थायरॉईडनंतर तास झाल्यावर, पण नाश्त्याच्या अर्धा तास आधीपर्यंत, लोहापासून दूर, जेवणापासून दूर. ही फट इतकी बारीक होती की आलेल्या पाहुण्याला मामी दारातच सांगायची, “सात चाळीसला या, त्याईच्यासंगं चहा होते.” गावानं तेही पाळलं. लग्नाच्या मुहूर्ताला तासभर उशिरा येणारी माणसं सात अडतीसला ओट्यावर हजर.

आमचा भाग संत्र्याचा, त्यामुळे एक संकट खास आमच्यासाठी आलं. बीपीच्या गोळीच्या डब्यातला तो घडीघडीचा कागद मामांच्या नातवानं वाचला आणि जाहीर केलं की या गोळीवर ग्रेपफ्रूट चालत नाही. ग्रेपफ्रूट कोणी पाहिलेलं नाही. मोबाइलवर चित्र काढलं तर डिट्टो संत्रं, जरा मोठं. अंबिया बहाराचा तोडा तोंडावर, घरात फळांच्या क्रेट, आणि मामांना संत्रं बंद? वार्ता बागेबागेतून फिरली. दोन शेजाऱ्यांनी तर आपल्या बीपीच्या गोळ्या बंद करायचं ठरवलं. संत्रं बंद करायचं कोणाच्याही मनात आलं नाही. डॉक्टरांनी उलगडा केला: ते फळ वेगळं. त्यातले घटक आतड्यातलं औषध मोडणारं एक एन्झाइम बंद पाडतात आणि काही गोळ्यांचा असर कैकपट होतो. १९८९ च्या सुमारास कॅनडातल्या संशोधकांना हे योगायोगानंच सापडलं. बीपीच्या एका औषधासोबत दारूचा परिणाम तपासत होते आणि दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला होता. नागपुरी संत्र्याला तो गुन्हा लागू नाही. उलट लोहाच्या गोळीसोबत संत्र्याच्या फोडी बऱ्या, त्यातलं क जीवनसत्त्व लोहाला मदत करतं. फक्त रस काढून ग्लासभर प्यायचा नाही. मामांनी त्या दिवशी लोहाची गोळी दोन फोडींसोबत ओट्यावर बसून, रस्त्यावरून दिसेल अशी घेतली. बाजारभाव सावरायला त्याची मदत झाली असं त्यांचं मत आहे. (‘दारूची चव लपवायला’ हा भाग मात्र आमच्या एका शेजाऱ्याला संशोधनाचा सर्वात उपयुक्त निष्कर्ष वाटला.)

पण सगळ्यात मोठा गोंधळ झाला तो ‘दोन घास टाक’ या वाक्यानं. गुडघे दुखले की आमच्याकडे उपाय पिढीजात: पोटात दोन घास टाक, अन् दुखीची गोळी घे. दोन घास म्हणजे विमा. मामांच्या फाइलवर लाल अक्षरात लिहिलं होतं की पेनकिलरच्या त्या जातीच्या गोळ्या बायपासनंतर घ्यायच्याच नाहीत, जोडणीपाशी अल्सर होतो. आजीला ते पटेना. “जेवून घेतली तं काय होते?” डॉक्टरांनी सांगितलं, आजी, ती गोळी नुसती पोटाला घासून त्रास देत नाही, रक्तात जाऊन पोटाचं संरक्षण कमी करते, त्यामुळे खाली पोळी असो की पुरणपोळी, फरक पडत नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. आजी गप्प बसली आणि मग म्हणाली, “मंग आजवर मी जे दोन-दोन घास खाल्ले थे फुकटच गेले.” शिवाय दोन घास हे मामांचं आता अख्खं जेवण. दोन घास टाकून गोळी घ्यायची म्हणजे गोळीच्या निमित्तानं पूर्ण जेवायचं, आणि जेवलं की पुढची गोळी ‘जेवणानंतर’ची. मामांचा दिवस असा एकातून दुसऱ्यात घरंगळत जायचा आणि संध्याकाळी कळायचं की माणूस दिवसभर जेवतोच आहे आणि काहीच खाल्लेलं नाही.

गावातल्या एका जुन्या वैद्यांनी हे ऐकून मांडी घातली. ते म्हणाले, तुमच्या डॉक्टरांकडे आधी आणि नंतर एवढे दोनच काळ आहेत म्हणून पंचाईत. वाग्भटानं अष्टांगहृदयात औषध घ्यायचे दहा काळ सांगितलेत. रिकाम्या पोटी, जेवणाच्या आधी, मध्ये, शेवटी, दोन घासांच्या मध्ये, घासाघासाबरोबर, वारंवार, अन्नात मिसळून, जेवणाच्या आधी आणि नंतर दोन्हीकडून, आणि रात्री. मामांनी दहाही काळ बोटांवर मोजले. म्हणाले, “वैद्यबुवा, हे दहाही माह्याकडे एकाच दिवसात होतात.” वैद्यबुवांनी चूर्ण द्यायची तयारी दाखवली, मामीनं वेळापत्रकाकडे बोट दाखवून सांगितलं, सीट खाली नाही.

आमचा जिल्हा गांधीजींचा, त्यामुळे असा कुठलाही प्रश्न शेवटी सेवाग्रामला जातोच. गांधीजींनी १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात व्रत घेतलं होतं, दिवसभरात पाचाहून जास्त पदार्थ खायचे नाहीत. व्रत घेताना त्यांनी हाही विचार केला होता की आजारी पडलो तर औषध या पाचांत धरायचं का, आणि शेवटी कुठलीच सूट नको असं ठरवलं. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पुठ्ठ्याकडे पाहत बसले. त्यांनी हिशोब केला असावा. गांधीजींच्या नियमानं मामा सकाळी साडेनऊलाच दिवसभराचं जेवून मोकळे होतात.

मग लग्नसराई आली. पंगतीत मामांना वाढप्यापासून वाचवणं हे आम्हा भाच्यांचं काम. पंगत म्हणजे बुंदी, वांग्याची भाजी, पोळी, वरण, भात, मठ्ठा, आणि समोर उभा राहून ‘घ्या न मामा, कितीक वजन उतरवता’ म्हणणारा गडी. बुंदी मामांना अजिबात चालत नाही. साखर पिशवीतून एकदम आतड्यात उतरली की घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात कळ येते. डॉक्टरांकडे याला डम्पिंग म्हणतात. मामांनी ते एकदा अनुभवलं, तेही व्याह्यांच्या आग्रहापायी, आणि व्याही घाबरून पाणी घेऊन धावले, तर मामा घामाघूम अवस्थेतही हात वर करून ओरडत होते, “पानी नका देऊ, अर्धा तास झाला नाई!” एका घासाला वीस-पंचवीस वेळा चावायचं हाही नियम. आमच्या घरासमोरच्या याच महामार्गावर, अमरावती ते अकोला टप्प्यात, जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस विक्रम झाला होता. मामांच्या पानावरची अर्धी वाटी वरण संपेपर्यंत आमच्या तीन पंगती उठल्या, आणि मंडपवाल्यानं त्यांच्या डोक्यावरचं कापड सोडायला घेतलं.

आता परीक्षा होती ती आषाढीची. आमच्या जवळच्या कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते, त्यामुळे एकादशी इथे सगळे पाळतात. मामांना डॉक्टरांनी उपास करू नका असं स्पष्ट सांगितलेलं. मामांचा कायदेशीर मुद्दा असा की काही गोळ्या जेवणासोबतच घ्यायच्या आहेत. जेवलो तर उपास मोडतो, न जेवता घेतल्या तर डॉक्टर मोडतो. साबुदाणा म्हणावा तर त्यात प्रथिनं नावाला, आणि पिशवीत जाऊन तो चिकटून बसेल ही भीती. प्रोटीनची पावडर उपासाला चालते का, हे विचारायला मामी देवळात जाऊन आली. गुरवानं डबा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि चालते म्हणाला, फक्त चॉकलेटच्या चवीची नको.

आजी ओट्यावर माळ ओढत सगळं ऐकत होती. मामांनी दुपारचं कॅल्शियम काढलं, चघळायची ती मोठी गोळी, नारंगी रंगाची.

“कायची हाये थे?” आजीनं विचारलं.

“कॅल्शियम, माय. संत्र्याच्या चवीची.”

आजीनं बागेकडे पाहिलं, मग गोळीकडे, मग पट्टीवरच्या किमतीकडे. “संत्र्याच्या गावात राहून संत्र्याच्या चवीची गोयी इकत आनली?” माळ बाजूला ठेवून तिनं हात पुढे केला. “फराळातच धर मंग. अन् येक मलेही दे. सकायपासून तोंडाले चव नाही.”

“तुले नाही चालत. अर्ध्या तासापूर्वी तू रक्ताची गोयी घेतली,” मामा म्हणाले. “दोन तास थांब.”